तुटक रेघेवरचे काशिनाथप्पा

काशिनाथप्पा चालताना बोलत नसत, कारण ते पावलं मोजत असत. ओठ किंचित हलायचे. वाटेत कुणी 'शरणार्थ अप्पा' म्हटलं तर उजवा हात वर जायचा, पण तोंडातला आकडा सुटायचा नाही. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं, उन्हाळ्यात, पावसाळ्यात, चढावर, उतारावर तेवढंच. भालकीत आमच्या फाटकापासून बसस्टँड अकराशे चाळीस पावलं आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं. ह्या माहितीचा मला कधी उपयोग झाला नाही, पण विसरताही आली नाही.

जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. बिदर जिल्ह्यातलं बहुतेक शिवार त्यांच्या पायाखालून गेलेलं. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी कुठल्याही नव्या गल्लीत शिरले की त्यांचाच प्रश्न माझ्या मनात येतो, "ही वाट कुठं जायलीय? आन् अशी वाकडी कामून गेलीय?"

हा 'कामून', म्हणजे 'का', त्यांच्या तोंडी सतत असे. आम्ही नवीन घर बांधलं, वास्तुशांतीला अप्पा आले, प्रसाद घेतला, आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून परत येऊन म्हणाले, "टीचरक्का, तुमची भिंत गल्लीत फूटभर आलीय."

मी तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, म्हणून त्यांच्यासाठी मी टीचरक्का. वयाने ते माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. आमच्या ह्यांचा चेहरा पडला. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर! अप्पांनी पुढे विचारलं, "कामून आली असंल?" त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. गवंडी कुठे उभा राहिला, सुतळी कशाला बांधली, ओळंबा होता की नव्हता. शेवटी गवंड्याने विजेच्या खांबाला सुतळी बांधली होती आणि खांबच वाकडा होता हे शोधून काढलं, तेव्हा त्यांना जेवण गोड लागलं. भिंतीबद्दल ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी तिथून जाताना त्यांना एक पाऊल बाजूला टाकावं लागायचं, आणि आमचे हे खिडकीतून ते बघायचे. चौथ्या महिन्यात ह्यांनी स्वतःच भिंत पाडून आत घेतली.

मोजणीला जाताना ते घरून दशम्या आणि पाण्याची बाटली नेत. ज्याचं रान मोजायचं त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि मोजणीची साखळी ओढताना चपला काढायचे. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "नांगरून नांगरून डोळ्याला बांध दिसंना झाला तरी पायाला लागतो, अक्का. खालची माती कठीण ऱ्हाती."

बायको आधीच गेलेली. मुलगी एकच, महानंदा. ती डॉक्टर होऊन इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका लहान शहरातल्या दवाखान्यात लागली. शहरात तिला करमेना म्हणून तिने वीस मैलांवरच्या एका वाडीत घर भाड्याने घेतलं. अप्पा निवृत्त झाल्यावर तिने त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं.

गेल्यावर आठव्या दिवशी त्यांचा व्हिडिओ फोन आला. माझे दुपारचे चार, त्यांची सकाळ.

"टीचरक्का, गाव हाय, पर मानसं कुठं हायत?"

चौदा घरं. एक दगडी चर्च, त्याच्याभोवती थडगी. एक तळं, त्यात सात बदकं. लाल रंगाची टेलिफोनची खोली, पण आत फोन नाही, पुस्तकांची फळी. ज्याला हवं त्याने न्यावं आणि परत आणावं. दुकान नाही, हॉटेल नाही, बस नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सहाशे चाळीस पावलं. घरांना नंबरांऐवजी नावं. रस्ता एवढा अरुंद की दोन्ही बाजूंची झुडपं खांद्याला लागतात. आणि आठ दिवसांत पायी चालणारा एक माणूस त्यांना दिसला नव्हता.

"चर्चचं घड्याळ पंधरा मिनिटं मागं हाय. समद्यास्नी ठावं हाय, पर कुनी नीट करत न्हाई. कामून?"

"मला काय माहीत, अप्पा?"

"तुमी इंग्लिश शिकवताव की."

उंबऱ्यावर कुणी बसत नाही, ह्याचं त्यांना सगळ्यांत नवल वाटलं. मग ते स्वतःच रोज सकाळी मुलीच्या दाराच्या पायरीवर, धोतर, वर जाड स्वेटर, कानाला मफलर अशा थाटात बसू लागले. दुसऱ्या आठवड्यात मोटारीतून जाणारे लोक हात हलवू लागले. तिसऱ्या आठवड्यात एक मोटार थांबली आणि आतल्या बाईंनी घरच्या कोंबड्यांची सहा अंडी त्यांच्या हातात ठेवली. अप्पा लिंगायत, अंड्याला हात न लावणारे. पण नको कसं म्हणायचं? ती अंडी त्यांनी मुलगी येईपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

त्यानंतरचा फोन मी कधी विसरणार नाही.

"अक्का, स्टाइल म्हंजे काय वो?"

"स्टाइल? ढब. ऐट. वागण्याची रीत."

"ऐट न्हाई. लाकूड हाय."

त्यांनी फोन फिरवला. हिरव्या दाट कुंपणात दोन आडव्या फळ्या बसवल्या होत्या, पायरीसारख्या. माणूस चढून पलीकडे उतरेल, पण मेंढरू अडेल. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा वेगळा शब्द. स्पेलिंग वेगळं. एका जुन्या धड्यात तो यायचा आणि तीस वर्षं मी मुलांना 'कुंपणावरची पायरी' असा अर्थ लिहून द्यायचे. पण ती कशी असते, कशासाठी असते, माझ्या मनात कधी चित्रच नव्हतं. अप्पा त्या फळीवर चढले, धोतर सावरत पलीकडे उतरले आणि म्हणाले, "बगा, दुसऱ्याचं रान, आन् मी चाललोय. कुनी कायबी म्हनत न्हाई. पाटी लावलीय, की ही समद्यांची वाट हाय."

त्या दिवसापासून त्यांनी वाटा धरल्या. तिथे शेतांमधून जुन्या पाऊलवाटा आहेत, मालक कुणीही असो, चालायचा हक्क सगळ्यांना. नकाशावर त्या तुटक रेघेने दाखवलेल्या. आपल्याकडच्या गावनकाशातही पाऊलवाट अशीच, एक तुटक रेघ; बंडीची, म्हणजे बैलगाडीची, वाट असली तर दोन. "खूण बी तीच हाय, अक्का," ते लहान पोरासारखे हसत म्हणाले.

अशाच एका वाटेवर त्यांना डोरोथी भेटल्या. वय चौऱ्याऐंशी, विधवा, आयुष्यभर मेंढ्या राखलेल्या. अप्पा त्यांना दोरतक्का म्हणत, आणि त्याही ह्या नावाला 'ओ' देत. बाईंनी अप्पांचे ओठ हलताना पाहिले आणि विचारलं, काय प्रार्थना करता का? अप्पा म्हणाले, "नो. स्टेप्स." एवढ्यावर ओळख झाली. अप्पांचं इंग्रजी म्हणजे मोजणीचं इंग्रजी. बाउंड्री, स्टोन, नॉर्थ, एकर, चेन. पण बाईंना बोलायचं होतं ते नेमकं त्याच शब्दांतलं होतं.

बाईंनी त्यांना गोठ्यात नेलं आणि खुंटीवरून गंजलेली साखळी काढली. नवऱ्याची होती. अप्पांनी ती अंगणात पसरली आणि पावलांनी मोजली. सहासष्ट फूट. आपली तेहतीस फुटांची, ज्याच्यावर आपला गुंठा बसतो. "बरोबर दुप्पट! आपल्या साखळीची थोरली बहीण हो ही!"  जन्मभर हातात धरलेल्या वस्तूचं माहेर त्यांना सापडलं होतं.

कुंपणाचं वय कसं काढतात तेही बाईंनी शिकवलं. तीस पावलांत जितक्या जातींची झाडं, तितकी शतकं, असं तिथले जुने लोक म्हणतात. अप्पांनी वाडीतली सगळी कुंपणं मोजली आणि मला यादी वाचून दाखवली. ते खरं की खोटं ह्यापेक्षा, असं कुणाला तरी मोजावंसं वाटलं ह्याचाच त्यांना आनंद होता.

दोरतक्कांची एक अडचण होती. त्यांच्या घरामागून चर्चकडे जाणारी एक पाऊलवाट होती. बाजूचं मोठं घर शहरातल्या कुणी विकत घेतलं आणि ती वाट तारेने बंद केली. नकाशावरची रेघ पुसट, त्या वाटेवरून कधी चाललेले वाडीत म्हातारेच उरलेले. वाट होती हे सिद्ध करायचं तर ती नेमकी कुठून जायची हे दाखवायला हवं, आणि तिच्यावरून चाललेल्या माणसांनी तसं लिहून द्यायला हवं. बाईंचा नवरा त्या चर्चच्या आवारात पुरलेला. मोठ्या रस्त्याने फिरून जायचं तर मोटार हवी, आणि मोटार चालवणं त्यांनी सोडलं होतं.

अप्पांनी नकाशा घेतला, चर्चच्या कोपऱ्यावरून दिशा धरली आणि पावलं टाकत कुंपणापाशी आले. तिथे नुसती काटेरी झुडपं. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढले. एप्रिलची थंडी, ओलं गवत. बाई "नो, नो" म्हणत राहिल्या. अप्पा पायाने चाचपत चाचपत एका जागी थांबले. "हितं." काठीने झुडूप बाजूला केलं, तर मधोमध झिजलेला एक दगड. पायरीचा. बाई त्या दगडाजवळ गुडघ्यावर बसल्या आणि त्याच्यावर हात फिरवत राहिल्या.

नंतर चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, तुमच्या गावातही अशा वाटा असतील ना? सगळ्या उघड्या आहेत?

ह्या प्रश्नाचं अप्पांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर नऊ दिवस फोन आला नाही. दहाव्या दिवशी आला तेव्हा कॅमेरा बंद होता.

"टीचरक्का, आमच्या वाडीच्या नकाशावर दोन तुटक रेघा हायत."

"हं."

"त्या आमच्या उसात हायत."

त्यांची वाडी भालकीपासून बसने पाऊण तास, उदगीरच्या बाजूला. बावीस उंबरे, काळी माती, पावसात चपलेला पायली पायली चिखल. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंत पूर्वी बंडीची वाट होती, सातशे पावलांची. अप्पांचे वडील होते तेव्हाच ती नांगरात गेली. थोरल्या भावाने, बसवण्णांनी, पुढे तिथे ऊस केला. वाडीची माणसं तेव्हापासून ओढ्याच्या बाजूने तीन किलोमीटर फिरून सडकेला लागतात. पावसाळ्यात ओढा भरला की हायस्कूलच्या पोरी घरी बसतात. दोघी-तिघी अशा बसल्या त्या बसल्याच, पुन्हा शाळेत गेल्या नाहीत. बोलणार कोण? बसवण्णांची विहीर, बसवण्णांचा ट्रॅक्टर, आणि त्यांचाच भाऊ मोजणी खात्यात.

"जिल्ह्यातल्या समद्यांचे बांध मोजलो मी," अप्पा म्हणाले, "आपलं रान सोडून."

परत आल्यावर ते सरळ वाडीला गेले. काय बोलणं झालं कळलं नाही, पण भालकीत त्यांचा चेहरा बघून विचारायची सोय नव्हती. उसाला तोड येईपर्यंत ते गप्प राहिले. उभ्या पिकात पाय घालायचा नाही म्हणाले. माघात रान मोकळं झालं, तेव्हा माझ्याकडे आले. "आकडे लिहून घ्यायला कुनी तरी पाहिजे. वाडीतलं कुनी येईना. तुमी येताव?"

मी वही घेऊन गेले.

रान सपाट पडलं होतं, वर उसाच्या वाळल्या पानांचा, पाचटाचा, थर. अप्पांनी साखळी काढली. वाडीची माणसं लिंबाखाली उभी होती, पण पुढे कुणी येईना. बसवण्णा बांधावर. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा. ते अप्पांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते.

"काश्या, सारी नोकरी केलास, तवा ही रेघ दिसली न्हाई. आता इंग्लंडला जाऊन दिसली व्हय?"

"दिसत व्हती, अण्णा. बोललो न्हाई."

"कामून?"

आयुष्यात बहुधा पहिल्यांदा हा प्रश्न अप्पांना कुणी विचारत होतं. ते साखळीची अडकलेली कडी सोडवू लागले.

"तुमी शाळा सोडून नांगर धरलाव, मनून मी शिकलो. त्या नांगराला मी काय म्हनू?"

बसवण्णांचा आवाज उतरला. "मग आता काय झालं?"

"आता बी तुमी थोरलेच हाव. पर वाट वाटंच्या जागी हाय."

"तुझ्या वाटणीच्या कडेनं दे की! माझ्या रानाच्या पोटातनंच कामून?"

"माझ्या कडंला वगळ हाय, पानी साचतंय. हितं खाली मुरूम हाय. जुनी मानसं उगं वाकडी गेली न्हाईत, अण्णा. बंडी रुतू नये मनून हितनं गेली."

बसवण्णा बांधावरून हलले नाहीत. अप्पांनी साखळीचं एक टोक सडकेच्या दगडापाशी रोवलं आणि दुसरं टोक हातात घेऊन उभे राहिले. साखळीला दोन माणसं लागतात. लिंबाखालची माणसं जमिनीकडे बघत होती. मी वही खाली ठेवणार, तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन एक बाई बांध उतरून आल्या. बसवण्णांच्या बायको, नीलव्वा. सत्तरीकडे झुकलेल्या. सकाळपासून त्या पाणी नेता-नेता बांधापलीकडून बघत होत्या हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. घागर त्यांनी पाचटावर टेकवली, पदर खोचला आणि हात पुढे केला.

"द्या हिकडं. कुठं धरू?"

"नीले!" बसवण्णा ओरडले.

नीलव्वांनी मान वळवली नाही. "लगीन होऊन आले तवा माझी बंडी ह्याच वाटंनं आली. रानात मधी चाक अडकलं. समदे उतरले, मी बी उतरले. ह्या गावच्या मातीत पयला पाय त्या जागी ठेवले मी. इसरंन व्हय?"

आणि साखळीचं टोक धरून त्या चालू लागल्या. साखळीमागून साखळी टाकत रानाच्या मध्यापाशी आल्यावर थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं, दोन पावलं डावीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "हितं."

अप्पांनी नकाशा पाहिला, माप पाहिलं. मी आकडा लिहिला. नीलव्वांची जागा आणि नकाशाची रेघ ह्यांच्यात दीड पावलाचा फरक होता. अप्पांनी चपला काढून तिथली माती पायाने दाबली, मग खुरप्याने उकरली. वीतभर काळी माती, खाली लाल मुरूम. त्यांनी तो चिमटीत घेतला आणि वहिनींच्या तळहातावर ठेवला. 

बांधाकडे पाहिलं तर बसवण्णा नव्हते.

त्यानंतर लिंबाखालून एक माणूस आला, मग दुसरा, मग सगळेच. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंना दगड रोवून झाले. पुढच्या पंधरवड्यात वाडीने ओढ्याकाठचा मुरूम आणून टाकला. बसवण्णांनी अडवलं नाही, एक दगडही हलवला नाही. आषाढात हायस्कूलच्या पोरी सायकलींवरून त्या वाटेने सडकेला येऊ लागल्या. पण बसवण्णांनी भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. घरात नीलव्वांशीही ते 'पाणी दे' एवढंच बोलत, असं अप्पा सांगायचे. ते सांगताना त्यांच्या आवाजात आपण जिंकलो असं काही नसायचं. एकदा म्हणाले, "अण्णा रागावले ते बरोबरच हाय. रान त्यांनीच पिकवलंय."

दोरतक्कांची वाट मात्र अजून कागदांतच आहे. त्यांनी अर्ज दिला, चाललेल्या लोकांनी लिहून दिलं, चौकशी चालू आहे. तिथे अशा कामाला वर्षंच लागतात म्हणे. बाई रोज त्या दगडापर्यंत जातात आणि तारेपाशी थोडं थांबून परत येतात, असं महानंदाने कळवलं होतं. अप्पांनी ते ऐकून विचारलं, "दगुड दिसायलाय ना अजून? झुडूप आलं नसंल ना त्याच्यावर?"

भालकीतलं घर बंद करून अप्पा शेवटी वाडीतच राहायला गेले. माझी नोकरी संपली आणि आम्ही लातूरला लेकाकडे जायचं ठरवलं, तेव्हा मी एकटीच त्यांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी शेंगदाण्याची पोळी खायला घातली, नव्या वाटेच्या दोन्ही कडांना लावलेली सीताफळाची रोपं दाखवली, कुठलं जगलं, कुठलं नाही, आणि का नाही. चार वाजता मला बसला बसवायला सडकेपर्यंत आले. बस आली, मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टर भाजीच्या पाट्या वर घेत होता म्हणून बस थांबून होती.

तेवढ्यात सडकेवरून एक ट्रॅक्टर आला. बसवण्णा चालवत होते. कारखान्यावर ऊस टाकून रिकामे परतत असावेत. वाडीच्या वाटेच्या तोंडाशी त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालूच. मान सरळ, नजर समोर, अप्पा जणू तिथे नाहीतच.

अप्पा क्षणभर उभे राहिले. मग धोतर सावरून मागच्या चाकावरच्या पत्र्यावर चढले. पत्रा उन्हाने तापलेला असणार, कारण बसताबसता ते एकदम अर्धे उठले. बसवण्णांनी मागे पाहिलं नाही. एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने आपल्या बुडाखालचं पोतं ओढून काढून भावाच्या बाजूला सरकवलं.

अप्पांनी ते पोतं घेतलं, पत्र्यावर घातलं आणि त्याच्यावर बसले. ट्रॅक्टर सडक सोडून वाटेवर वळला.